दुपारी अडकणारं लोखंडी दार: खान्देशातल्या उन्हाळ्यासाठी तपासणी आणि दुरुस्ती

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे सरकला की लोखंडी दारांच्या तक्रारी सुरू होतात. किल्ली फिरत नाही. वरची कडी भोकात जात नाही. संध्याकाळी पत्रा टणकन वाजतो, आणि लहान मूल हँडलला हात लावून रडत आत येतं. मग वेल्डिंगवाल्याला बोलावलं जातं. तो ग्राइंडर काढतो, दाराची कड घासतो आणि दार त्या दुपारपुरतं मोकळं होतं. पुढे थंडीत त्याच घासलेल्या कडेच्या फटीतून वारा आणि धूळ आत येते, उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज धरतो, आणि पुढच्या मे महिन्यात दार पुन्हा अडकतं.

पुन्हा अडकतं, कारण घासलेल्या जागेत दोष नव्हताच. म्हणून या लेखात ग्राइंडरचा नंबर सगळ्यात शेवटी आहे. आधी दुखणं ओळखायचं, मग ऊन अडवायचं, मग रंग बदलायचा, मग कडी-लॉकची भोकं मोकळी करायची. बहुतेक दारं एवढ्यात सुधारतात.

दारात नेमकं काय घडतं

लोखंड तापलं की लांबतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण किती लांबतं हे फारसं कुणी मोजत नाही. पोलाद दर मीटरला, दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. सात फुटी दार सकाळपेक्षा ४० अंशांनी जास्त तापलं तर उंचीत वाढ होते जेमतेम १ मिलिमीटर. रुंदीत तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय चौकटही उन्हातच असते, तीही थोडी वाढते. नीट बसवलेल्या दाराभोवती ३-४ मिलिमीटर फट असतेच, त्यामुळे नुसत्या वाढीने दार सहसा अडकत नाही. ॲल्युमिनियमची वाढ साधारण दुप्पट असते, तरीही तेवढ्याने दार बंद पडायला नको.

खरा त्रास वाकण्याचा आहे. हल्लीचं स्टीलचं दार म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये फोम किंवा जाळीदार पुठ्ठ्याचं भरण. बाहेरचा पत्रा उन्हात ७० अंशांवर जातो, आतला ४०-४५ वर राहतो. बाहेरची बाजू लांबते, आतली मागे राहते, आणि अख्खं दार उन्हाच्या दिशेने धनुष्यासारखं वाकतं. ४५ मिलिमीटर जाडीचं सात फुटी दार घ्या आणि दोन पत्र्यांत २५ अंशांचा फरक धरा. हिशेब केला तर मध्यभागी साधारण पावणेचार मिलिमीटरचा बाक येतो. बिजागऱ्यांची बाजू तीन-चार ठिकाणी धरलेली असते म्हणून ती कमी हलते, लॉकची बाजू मोकळी असते म्हणून तिथे बाक उघडा पडतो. मधलं लॉक, वरची कडी आणि खालची कडी एका रेषेत राहत नाहीत. लॉकची जीभ चौकटीवरच्या पट्टीवर दाबून बसते आणि किल्ली हलत नाही.

यातली एक गोष्ट ग्राहकांना सहसा सांगितली जात नाही. दारातलं भरण जितकं चांगलं, तितका दोन पत्र्यांमधला फरक जास्त आणि तितका बाकही जास्त. फोम भरलेलं दार घर थंड ठेवतं हे खरं आहे आणि ते घ्यावंच, पण त्याला सावली दिल्याशिवाय नाही.

एकेरी पत्र्याचं दार, म्हणजे अँगलच्या चौकटीवर वेल्ड केलेला पत्रा, असं वाकत नाही. तिथे पातळ पत्रा लवकर तापतो, जाड अँगल मागे राहतो. एक मीटर पत्रा अँगलपेक्षा २० अंशांनी जास्त तापला तर तो केवळ पाव मिलिमीटर जास्त लांबतो. पण चारही बाजूंनी वेल्ड असल्याने ती लांबी जाणार कुठे? पत्रा पोट काढतो, आणि ते पोट ९ मिलिमीटरपर्यंत येऊ शकतं. सूर्य कलला की ते एकदम आत बसतं. संध्याकाळी येणारा आवाज त्याचाच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण रोजच्या या हालचालीने वेल्डचे टाके सुटतात आणि रंगाला भेगा पडतात. अशा दाराला मागून आडव्या पट्ट्या मारून घ्या. पत्र्याला त्यांच्यावर मधे मधे टाके द्या, सलग वेल्ड नको.

पहिली पायरी: दार कधी अडकतं ते लिहून ठेवा

दोन-तीन दिवस सकाळी सात, दुपारी साडेचार आणि रात्री दहा अशा तीन वेळांना दार उघडून-लावून पाहा. एवढ्या नोंदीवर निम्मं निदान होतं.

सकाळी मोकळं, दुपारी अडकलेलं, रात्री पुन्हा मोकळं, असं असेल तर दोष उन्हाचा आहे. पूर्वेकडच्या दाराला हाच त्रास सकाळी नऊ-दहाला होतो.

दिवसभर सारखंच अडकतं, पण पावसाळ्यात एक तऱ्हा आणि उन्हाळ्यात दुसरी, असं असेल तर आधी जमिनीकडे पाहा. तापीकाठच्या काळ्या मातीत बांधलेल्या घरांचं हे जुनं दुखणं आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असेल तर भिंत थोडी हलते आणि चौकट काटकोनात राहत नाही. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही त्याची खूण. पक्की खात्री करायची तर चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोघांत ४-५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल आणि तो सकाळ-दुपार तेवढाच राहत असेल, तर तुमचा प्रश्न सूर्याचा नाही. त्यासाठी पायाभोवती पाणी साचू न देणं, भिंतीलगत फरशीचा पट्टा करणं आणि जाणकार अभियंत्याला दाखवणं हा मार्ग आहे. दार घासून ते बरं होणार नाही.

तिसरी शक्यता साधी आहे. दाराचा लॉककडचा खालचा कोपरा उंबऱ्याला बाराही महिने घासतो आणि हँडल धरून दार वर उचललं की खुळखुळतं. तिथे बिजागऱ्या झिजल्यात. त्या बदला.

दुसरी पायरी: बाक मोजा

दुपारी दार अडकलेलं असताना घराच्या आतल्या बाजूने हे करा. लॉकच्या कडेने दाराच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बारीक मजबूत दोरा ताणून चिकटपट्टीने लावा. दार बाहेर वाकलेलं असेल तर मध्यभागी दोरा आणि पत्रा यांच्यात फट दिसेल. ती स्टीलच्या पट्टीने मोजा. पट्टी नसेल तर जुनी एटीएम कार्डं वापरा. एका कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते, त्यामुळे चार कार्डं बसली म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. हँडल मध्ये येत असेल तर दोरा थोडा बाजूला घ्या.

हेच माप सकाळी सातला पुन्हा घ्या. सकाळी शून्य किंवा १ आणि दुपारी ३-४ आलं तर दार निरोगी आहे, त्याला फक्त ऊन लागतंय. सकाळीही ३-४ येत असेल तर दार कायमचं वाकलंय किंवा मुळातच तसं आलंय, आणि मग विक्रेत्याशी बोलायला हवं. तारखेसह फोटो काढून ठेवा.

तापमान मोजायला लांबून नेम धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. चकचकीत स्टीलवर किंवा सिल्व्हर रंगावर तो चुकीचा, बराच कमी आकडा दाखवतो. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या टेपवर नेम धरून मोजा.

तिसरी पायरी: ऊन दारावर पोचूच देऊ नका

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, म्हणून इथेच जास्त वेळ आणि पैसा घाला.

आधी दिशा. खान्देश २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावलीही पडत नाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळपास पडतच नाही. दक्षिणेचं दार खरं तापतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा हवा थंड असल्याने सहसा कुणाची तक्रार नसते. उन्हाळ्यात मार खातात ती पूर्वेची आणि त्याहून जास्त पश्चिमेची दारं. पश्चिमेकडे ऊन पोचतं तेव्हा हवाही दिवसातली सर्वांत तापलेली असते.

पश्चिमेच्या दारावर छज्जा टाकून प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटतं. मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंशांवर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली त्या वेळी दाराच्या वरच्या सव्वा-दीड फुटावरच पडते. सात फुटी दार पूर्ण झाकायला छज्जा दहा फूट बाहेर यावा लागेल. आणि साडेपाचला तोही पुरणार नाही, कारण ऊन समोरून येतं. पावसासाठी छज्जा हवाच, पण पश्चिमेच्या उन्हाला आडवं काही चालत नाही, उभं काहीतरी लागतं.

सगळ्यात स्वस्त आणि आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू म्हणजे शेडनेट. रोपवाटिकेसाठी ५० आणि ७५ टक्के ऊन अडवणारी जाळी तालुक्याच्या गावीही मिळते. दारासाठी ७५ टक्क्यांची घ्या. ती दाराला चिकटवून लावू नका. दारापासून निदान फूटभर पुढे, छज्ज्याच्या किंवा ओट्याच्या कडेला लावा, म्हणजे जाळी तापली तरी मधून हवा वाहत राहील. वरची बाजूही सहा इंच मोकळी सोडा, गरम हवा तिथून निघून जाते. खालची दोरी गाठ मारून न बांधता आकड्यात अडकवा. वळवाचं वादळ आलं की पटकन सोडता आली पाहिजे, नाहीतर जाळी आकड्यांसकट उपटून जाते.

बांबूची चिकही उत्तम. वाळ्याचा पडदा पाणी मारून लावला तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फारच छान गारवा देतो. फक्त ठिबकणारं पाणी दाराच्या खालच्या कडेला लागू देऊ नका, स्टीलचं दार नेहमी तिथूनच सडायला लागतं. तापलेल्या दारावर बादलीने पाणी मारण्याची सवय त्याच कारणाने वाईट. गारवा पाच मिनिटांचा, आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग नि गंज कायमचे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. दारापुढच्या जाळीच्या सेफ्टी डोअरवर पारदर्शक प्लास्टिक किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावू नका. धूळ अडते म्हणून लोक लावतात. ऊन त्यातून आत जातं, उष्णता अडकून राहते, आणि मागचं दार उघड्यावर तापलं असतं त्याहून जास्त तापतं. रबराच्या पट्ट्या, रंग आणि लाकडी नक्षीचा चिकटवलेला कागद यांची वाट लागते ती अशाच ठिकाणी.

झाड लावायचं असेल तर कडुनिंब किंवा करंज पश्चिमेला लावा, पण काळ्या मातीत भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट दूर. झाडाची मुळं पायाखालची ओल ओढून घेतात, माती आक्रसते आणि दाराच्या सावलीपायी चौकट तिरकी व्हायची.

चौथी पायरी: रंग

गडद तपकिरी, मरून आणि काळा हे आपल्या भागातल्या दारांचे आवडते रंग. ते ऊन जवळजवळ सगळं पितात. हवा ४४ अंशांवर असताना पश्चिमेचं गडद दार ७० च्या पुढे जाऊ शकतं. तेच दार पांढरं किंवा फिकं क्रीम असेल तर ५५ च्या आसपास राहतं. काळ्या मातीची धूळ बसली की पांढरा रंगही ऊन प्यायला लागतो, म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा.

सिल्व्हर रंगाबद्दल गैरसमज खूप आहे. गेटला आणि शटरला आपण तो हौसेने देतो, चमकतो म्हणजे ऊन परत फेकतो असं समजतो. ऊन तो काही प्रमाणात परत फेकतो, पण जी उष्णता आत शिरली ती बाहेर टाकायला तो कंजूष असतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. म्हणून सिल्व्हर दार पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं. न रंगवलेला चकचकीत पत्राही तसाच.

रंगवायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी, दारावर ऊन नसताना. तापलेल्या पत्र्यावर ऑइल पेंट वरून लगेच सुकतो, आतून ओला राहतो आणि पुढे फोड येतात. जुना सुटलेला रंग घासून काढा, गंज पॉलिश पेपरने उघडा करा, साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड द्या. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट धरत नाही, पापुद्रे निघतात. दुकानात गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठीचा प्रायमर वेगळा मागा. मग पातळ दोन हात. कारखान्यात पावडर कोटिंग करून घेणार असाल तर पॉलिएस्टर पावडर सांगा. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी भुरभुरते, ती आतल्या वस्तूंसाठी आहे.

दार लाकडी नक्षीचं आहे आणि रंग बदलायचा नाही? मग तिसऱ्या पायरीला पर्याय उरत नाही.

पाचवी पायरी: लॉक, कड्या, हँडल

सावली आणि रंग झाल्यावरही दुपारी किल्ली जड जात असेल, तर दार मध्यभागी एका हाताने आत किंवा बाहेर दाबून किल्ली फिरवून पाहा. फिरली, म्हणजे जीभ पट्टीवर दाबली जातेय. ज्या बाजूने घासल्याची चमक दिसते, त्या बाजूला चौकटीवरच्या लॉकपट्टीचं भोक कानसीने २ मिलिमीटर वाढवा. वरच्या-खालच्या कड्यांची भोकंही त्याच दिशेने लांबट करा. हे काम दुपारी, दार तापलेलं असतानाच करा, आणि सकाळी दार खडखडत नाही ना ते पाहा. कानस लावलेल्या जागी लगेच प्रायमर लावा. एवढं करूनही कड चौकटीला प्रत्यक्ष घासताना दिसली तरच ग्राइंडर काढा.

लॉकमध्ये ग्रीस किंवा खोबरेल तेल घालू नका. उन्हात ते पातळ होऊन ओघळतं आणि उरलेल्या चिकटपणावर धूळ बसते. ग्रॅफाइट पावडर किंवा सिलिकॉन स्प्रे वापरा. बोटाच्या ठशाने उघडणारं डिजिटल लॉक पश्चिमेच्या दाराला बसवलं असेल तर लक्षात घ्या, साध्या अल्कलाइन सेलची मर्यादा साधारण ५५ अंशांची असते. तापलेल्या दारात ते लवकर संपतात, गळतातही. उन्हाळ्याच्या तोंडावर सेल बदला आणि साधी किल्ली घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा.

हँडलची काळजी मुलांसाठी. ६५-७० अंशांच्या उघड्या धातूला क्षणभर हात लागला तरी कातडी भाजते. लाकडी किंवा जाड प्लास्टिकची मूठ बसवा, तोवर हँडलला सुती कापड गुंडाळा. भाजलंच तर २० मिनिटं गार वाहतं पाणी. पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटका देतं, तेव्हा नळाखाली हात धरण्याआधी पाणी तपासा, नाहीतर माठातलं पाणी तांब्याने सावकाश ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

मंगल कार्यालय, शाळा, दवाखाना यांच्या पश्चिमेकडच्या लोखंडी दारांची तपासणी भर दुपारीच व्हायला हवी. आग लागली किंवा पळापळ झाली तर तेच दार बाहेर पडायची वाट असतं. सकाळी दहाला सहज उघडलं, याला काही अर्थ नाही.

नवीन दार घेताना

फॅब्रिकेटरला दिशा आधी सांगा. पश्चिमेचं असेल तर बाहेरचा रंग फिका, तीनऐवजी चार बिजागऱ्या, लॉकपट्टी स्क्रूच्या लांबट भोकांची म्हणजे सरकवता येणारी, आणि सभोवती ४ मिलिमीटर फट. वर-खाली-मध्ये एकदम बंद होणारी अनेक जिभांची लॉकं दिसायला भक्कम असतात, पण बाक आल्यावर पहिली तीच अडकतात. पूर्ण उन्हातल्या दाराला ती मी सुचवणार नाही. एकेरी दारासाठी पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर घ्या, त्याहून पातळ लवकर पोट काढतो. चौकट बसवताना ओळंबा आणि कर्ण दोन्ही तुमच्यासमोर तपासून घ्या, आणि शेवटचे पैसे दुपारचं ऊन दारावर असताना ते उघडून-लावून पाहिल्यावर द्या.

दुकानाचं शटर आणि केळीची चेंबर

शटर रुंदीत वाढतं. दहा फुटांचं शटर ४० अंशांनी तापलं तर साधारण दीड मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये तेवढी जागा असते, पण तिथे धूळ-ग्रीसचा थर साचला असेल तर जागा उरत नाही. मार्चमध्ये गाइड घासलेटने धुऊन कोरडे करा. स्प्रिंगला हात लावायचा असेल तर मिस्त्रीच बोलवा, ताणलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी साठवण्याच्या खोल्यांत तर फरक टोकाचा असतो. आत १३-१४ अंश, बाहेर उन्हात तापलेला पत्रा ७० वर. चार इंच जाडीचं आठ फुटी दारसुद्धा अशा वेळी जवळजवळ ५ मिलिमीटर वाकतं, कडेची रबराची पट्टी सुटते आणि थंडी बाहेर गळते. मशिन मग थांबतच नाही. नवी खोली बांधताना दार पश्चिमेला ठेवू नका. बांधून झालं असेल तर दारापुढे पत्र्याची पडवी काढा आणि तिला पश्चिमेकडून भिंत द्या. रबराची पट्टी कडक झाली असेल तर उन्हाळ्याआधी बदला. गळती शोधायला खोली रिकामी असताना दुपारी आत जाऊन दिवा मालवा, कडेने उजेड दिसेल तिथे खूण करा. आत जाण्यापूर्वी दार आतून उघडण्याची कळ चालते ना ते तपासा, खोली पूर्ण हवेशीर झाल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि बाहेर दुसरा माणूस उभा ठेवा.